माणग्याचं देणं

आमच्या परड्यातलं माणगा बांबूचं बेट विकत घेतलेलं नाही. ते शेजारच्या तात्यांचं देणं आहे. निवृत्तीनंतर मी कुडाळजवळच्या सासरच्या घरी कायमची राहायला आले, तो पावसाळ्याच्या तोंडावरचा काळ होता. तात्या कुदळ घेऊन आपल्या बेटाच्या कडेला बसले. वर्षभराच्या काठीचा कंद त्यांनी मुळांसकट सोडवला, काठी कमरेएवढी ठेवून वरचा भाग छाटला आणि दोन फुटी खड्ड्यात शेणखत टाकून तो माझ्याच हातानं लावायला लावला. पैशांचं विचारलं तर म्हणाले, “माणग्याक बी धरणा नाय, बाय. ह्यो माका मावशेन दिल्यान. तू कोणाक तरी दी.”

ते बोलणं शब्दशः खरं होतं. माणग्याला क्वचित फुलोरा येतो, पण त्यातून बी हाती लागत नाही. म्हणजे सिंधुदुर्गात, गोव्यात, कारवारकडे जिथं जिथं माणगा उभा आहे, तिथं तो कुणीतरी कुणालातरी दिलेला आहे.

लावून दिलं की आपलं काम संपलं असं तात्यांनी कधी मानलं नाही. दर पावसाळ्यात ते बेटाभोवती फेरी मारत. बांबूचा कोंब जमिनीतून येतो तो आपली पूर्ण जाडी घेऊनच. दोन-तीन महिन्यांत उंची गाठतो आणि पुढची वर्षं नुसता आतून निबर होत जातो. हे त्यांनी मला बोटानं दाखवून शिकवलं: पेराला पांढरी भुकटी आणि कोशाची सालं असतील तर यंदाची काठी, अंगावर राखी डाग चढले, ठोकल्यावर टणक आवाज आला, की ती तोडीची. तोड तीन वर्षांनंतरची, तीही पाऊस सरल्यावर. कोवळ्या काठीला हात लावायचा नाही, कारण पुढच्या कोंबांना पोसतात त्या एक-दोन वर्षांच्याच काठ्या. कापायचं जमिनीलगत, पेराच्या अगदी वर, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही.

नवे कंद बाहेरच्या अंगाला सरकतात, म्हणून लोक कडेच्याच काठ्या तोडतात आणि मध्ये जुन्यांची गर्दी कुजत राहते. तात्या घोड्याच्या नालासारखी एका बाजूनं वाट काढत आत शिरायचे. “बेट मोकळा रवाक व्हया, वारो भितर खेळाक व्हयो.” उन्हाळ्यात बुंध्याला मातीची भर, वर त्याचीच गळलेली पानं. पानं जाळलेली त्यांना खपत नसत.

2017 साली सरकारनं वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून काढला. मी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, तर तात्या हसले: “गवत हा ता. आमच्या गोरवांकय म्हायत होता.”

माणगा जवळजवळ भरीव. म्हणून मांडव, शिड्या, वेलांचे आधार सगळ्याला चालतो. चौथ्या वर्षापासून माझ्या बेटातून घरापुरत्या काठ्या निघू लागल्या. पहिला भारा मी तात्यांच्या खळ्यात नेऊन ठेवला. त्यांनी तो परत पाठवला आणि वर निरोप धाडला, की पलीकडच्या वाडीतल्या बुरुडाला कंद हवा आहे, त्याचं बघ. देणं त्यांना फेडून घ्यायचंच नव्हतं. ते पुढं ढकलायचं होतं.

आता तात्या नाहीत. मृगाच्या सुमारास कंद मागायला माणसं येतात. रोपवाटिकेत रोप मिळतं, हे मी आधी सांगते. तरीही कंदच हवा असेल तर पैसे घेत नाही. अट सांगते, की बेट जमलं की तुमच्याकडे येईल त्याला नाही म्हणायचं नाही. कुणी नारळ घेऊन येतं. नारळ मी ठेवून घेते. त्याबद्दल तात्यांनी काही सांगून ठेवलेलं नाही.