अडणारे चाक

आमचे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. त्यांची निम्मी नोकरी वाफेच्या इंजिनांवर गेली. आम्हा दोघा भावांना मात्र त्यांनी कधी कानशीला हात लावू दिला नाही. "माझे हात काळे झाले तेवढे पुरेत. तुम्ही शिका," म्हणायचे. आम्ही शिकलो. एक जण पोस्टात लागला, दुसरा शाळेत. बाबांची हत्यारांची पेटी खाटेखालीच राहिली.

गेल्या वर्षी आमच्या ताईच्या मुलाने इंग्लंडहून आजोबांसाठी एक खोके पाठवले. आत तिकडच्या सहा चाकी वाफेच्या इंजिनाचे सुटे भाग होते. माप एका फुटाला ४ मिलिमीटर, रूळ १६.५ मिलिमीटर रुंद. बॉयलर, केबिन, धुराडे मऊ पांढऱ्या धातूचे ओतीव. खालची चौकट पितळी पत्र्याची. बाबांचे वय ८२. खोके बघून ते हरखले. पण एक स्क्रू हातात धरला आणि हात थरथरू लागला. त्यांनी खोके बंद केले. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्हीच पेटी बाहेर ओढली. म्हटले, "बाबा, तुम्ही सांगा, आम्ही करतो."

सुरुवातच चुकली. डाग द्यायला गेलो आणि धुराड्याची कड वितळली. हा धातू थोड्या उष्णतेनेच पाघळतो. त्याला ७० अंशांवर वितळणारे वेगळे सोल्डर आणि कमी तापणारे हत्यार लागते. बाबा रागावतील असे वाटले. ते एवढेच म्हणाले, "असू दे. पुढचं घ्या."

पुढे बॉयलर बसेना. केबिनपाशी नखभर फट राहिली. आम्ही बॉयलर घासायला कानस उचलली. "थांबा! चुकलंय कोण ते आधी बघा. कानशीनं गेलेला धातू परत येत नाही." त्यांनी खालचा तळ काचेवर ठेवायला लावला. तळच मधोमध वाकलेला निघाला. तो बोटांनी हळूहळू सरळ केला, तशी फट आपोआप मिटली. बॉयलर घासला असता तर चांगला भाग बिघडला असता.

मग चाके. प्रत्येक फेऱ्यात एका जागी अडत. आम्हाला वाटले, दांड्यांची भोके मोठी करावीत. बाबांनी आधी एका बाजूचे दांडे काढायला लावले. चाके मोकळी फिरली. मग ते लावून दुसऱ्या बाजूचे काढले. तरीही मोकळी. "म्हणजे भोकं बरोबर आहेत. क्रँकचा कोन चुकलाय."

इंजिनाच्या दोन बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत असतात. एका बाजूचा दट्ट्या टोकाला गेला, की त्याचा जोर चालत नाही. तेव्हा दुसऱ्या बाजूचा ढकलतो. म्हणून थांबलेले इंजिन कुठूनही सुटते. हा कोन तिन्ही आसांवर सारखा हवा. आमच्या मधल्या आसाचे एक चाक केसभर फिरलेले होते. ते जागेवर आणले आणि चाके अडायची थांबली.

वाफेच्या इंजिनांवर एवढी वर्षे काम केलेल्या माणसाच्या घरात आम्ही वाढलो, आणि हे आम्हाला पन्नाशीनंतर कळले. आम्ही तसे म्हणालो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काम वाईट नव्हतं रे. त्या कामाला मान नव्हता, म्हणून तुम्हाला दूर ठेवलं."

धुराडे नवे मागवू का, असे आम्ही विचारले. त्यांनी नको म्हटले. "राहू दे तसंच. तुमच्या हातचं पहिलं काम आहे ते."

आता पेटी खाटेखाली नसते. खिडकीपाशी असते, आणि नातवंडांना तिला हात लावायची मोकळीक आहे.