सांदवाडीत विष नको, नळाचं पाणीही नको

मंडळी, थंडी ओसरत आली. तूर निघाली, कुटार घरी आलं. सांदवाडी तयार करायची हीच वेळ. मार्चची वाट पाहत बसलो, तर भेंडी-गवार मूळ धरायच्या आत आपल्याकडचं ऊन तिला जाळून टाकते.

आम्ही माती खणून उन्हात तापवली, कुजलेलं शेणखत टाकलं. भेंडी, गवार, बरबटी, ढेमसं, दोडका लावला. मांडवाला तुराट्या घेतल्या. पऱ्हाट्या मुद्दाम नाही घेतल्या. त्यांच्यावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते अन् पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते.

आता पाण्याचं. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरले नसतील. निळोणा, चापडोह तळाला गेले अन् शहर टँकरकडे डोळे लावून बसलं. म्हणून वाफ्याला भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी द्या, बुडाशी कुटाराचा थर टाका. ओल टिकते.

अन् विषाचं. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तोच पंप लेकरांच्या ताटातल्या वांग्यावर कशाला? ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, सकाळी फवारा. मावा-तुडतुडे आटोक्यात राहतात.

शेवटची गोष्ट. पोषण आहारासाठी शाळेतही परसबाग करायला सांगतात. ती उन्हाळ्यात जगवायला पाणी कुठून येणार, हे येत्या ग्रामसभेत विचारा. फोटो काढण्यापुरती बाग नको, लेकरांच्या ताटात भाजी पाहिजे.