साबण काळा पडेपर्यंत

लेकीच्या सायकलला दप्तर ठेवायला कॅरिअर हवा होता. तो आपणच करायचा, असं मनानं घेतलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून 3 मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी आणली. तिच्यावर 6061-टी6 असं छापलं होतं. हाताला कडक लागली म्हणून उचलली; त्या आकड्यांचा अर्थ विचारायचं सुचलंच नाही.

वाकवायच्या जागी टोकदार स्क्रायबरनं रेघ ओढली, पट्टी व्हाइसमध्ये आवळली आणि हातोडी घातली. अर्ध्यावर 'कट्ट' आवाज आला. बाहेरच्या अंगाला केसाएवढी भेग, नेमकी माझ्या रेघेतून गेलेली. तिला वाट मीच आखून दिली होती.

तुकडा घेऊन ओळखीच्या वर्कशॉपमधल्या मामांकडे गेलो. "रेडियस किती दिलासा?" त्यांनी विचारलं. मला तो शब्दच कळेना. 'बाकाची आतली गोलाई' असं मनाशी जुळवलं. पट्टी वाकते तेव्हा आतलं अंग दबतं, बाहेरचं ताणतं. गोलाई जितकी लहान, तितका ताण जास्त. व्हाइसच्या धारेवर तर गोलाई जवळजवळ नव्हतीच. मामांनी मार्करनं खूण केली, पट्टीला जाड गोल सळई लावली आणि सावकाश दाबली. भेग नाही! पण हात काढताच काटकोन उघडला. या पट्टीची ताकद साध्या पोलादाच्या आसपास, ताठपणा मात्र एक-तृतीयांश. म्हणून ती जास्त मागे येते. काटकोन हवा तर त्याच्या पुढं जावं लागतं, हे पन्नाशीत कळलं.

मला कोपरा आणखी आवळ हवा होता. घरी टॉर्च पेटवली आणि लोखंडासारखी पट्टी लाल व्हायची वाट बघत बसलो. रंग बदललाच नाही. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, हा मिश्रधातू तर 580 च्या पुढंच पाघळू लागतो. टोक एकाएकी लोंबलं आणि फरशीवर गळून पडलं.

मामांनी मग अंगाचा साबण दिला. तो पट्टीवर चोळायचा, ज्योत मागच्या अंगानं फिरवत ठेवायची. साबण पिवळा झाला, तपकिरी झाला, काळा पडला की टॉर्च बाजूला. गार झालेली पट्टी हातानं वाकली, लोण्यासारखी. कॅरिअर बसला, दप्तर चढलं आणि आठ दिवसांत कोपरा खाली आला. टी6 म्हणजे धातू तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद उष्णतेत तासन्‌तास ठेवून कमावलेला कडकपणा. मी तो दोन मिनिटांत घालवला होता.

आता 5052-एच32 या दुसऱ्या ॲल्युमिनियमचा पत्रा आणलाय. तो गारच वाकतो, तापवावा लागत नाही. पत्रा लाटताना उठलेल्या बारीक रेषांना बाक आडवा जाईल, अशा पट्ट्या कापल्यात. काटकोनाच्या किती पुढं जायचं ते बघायला एक तुकडा जास्तीचा ठेवलाय.