दाराबाहेरचा थोरला

राज्य सरकारच्या सेवेतील माझी बरीच वर्षे विभागीय चौकशांत गेली. अपराध केवढा, शिक्षा केवढी, हे तोलून टिपणी लिहावयाची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यामुळे एका ख्रिस्ती स्नेह्याने दिलेल्या नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचला, तेव्हा उधळ्या पुत्राच्या त्या कथेवर मी मनातल्या मनात शेरा मारला : निर्णय अमान्य.

बाप हयात असताना धाकटा वाटा मागून घेतो, परदेशी उधळून टाकतो. दुष्काळ पडतो आणि त्याच्यावर, डुकराचा विटाळ मानणाऱ्या यहुदी घरातल्या मुलावर, डुकरे चारण्याची पाळी येते. परतताना तो क्षमायाचना घोकून येतो. पण बाप त्याला दुरूनच पाहून धावत सुटतो, गळामिठी घालतो. ‘मला चाकर म्हणून ठेवा’ हे घोकलेले शेवटचे वाक्य बोलायला मुलाला अवसरच मिळत नाही. तोवर झगा, अंगठी, जोडे मागविले जातात, पुष्ट वासरू कापावयास सांगितले जाते. चौकशी नाही, जबाब नाही. विठोबाला माउली म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना ही करुणा परकी वाटू नये. मला मात्र ती खटकली, आणि त्याचे कारण घरातले होते.

१९८७ साली माझ्या धाकट्या भावाने वाटणी मागितली, भागीदारीच्या धंद्यात घालविली आणि अकरा वर्षांनी आजारी होऊन तो इंदूरच्या घरी परतला. वडिलांनी एक प्रश्न विचारला नाही. आईकडून श्रीखंड करविले. मी त्या दिवशी कचेरीतून मुद्दाम उशिरा आलो आणि थेट गच्चीवर जाऊन बसलो. गुडघे धरीत वडील वर आले. “चल, पान वाढलंय,” एवढेच म्हणाले. मी उतरलो नाही.

कथेतला थोरलाही असाच शेतावरून येतो, वाद्ये ऐकून बाहेरच थांबतो, आपल्याला कधी करडूसुद्धा मिळाले नाही म्हणून कुरकुरतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, विनवतो. पहिल्या वाचनात हे मी जवळजवळ वगळलेच होते. येशूने ही कथा सांगितली ती पापी लोकांबरोबर तो जेवतो म्हणून नाराज झालेल्या परूशी व शास्त्री मंडळींना. म्हणजे रोख थोरल्यावरच. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

रेम्ब्रांटने अखेरच्या वर्षांत रंगविलेले याच प्रसंगाचे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. मी पाहिली ती छापील प्रतच. गुडघे टेकलेला मुलगा, त्याच्या पाठीवर बापाचे दोन्ही हात, आणि उजवीकडे तांबड्या झग्यात, हात एकमेकांत गुंतवून ताठ उभा असलेला एक पुरुष. त्यालाच सामान्यतः थोरला मानतात. त्याच्या चेहऱ्यावर राग नाही. तो नुसता पाहतो आहे.

वडील २००६ साली गेले. भाऊ आता देवासला असतो. दर दिवाळीला येतो, मी त्याच्याशेजारी जेवावयास बसतो. त्या रात्रीची गोष्ट दोघांपैकी कोणीही अद्याप काढलेली नाही.