दगडांतलें पान आणि रानांतलें पान

आसनगांवीं उतरून शहापुराकडे वळलें, कीं माहुलीचे सुळके नजरेंत भरतात; मुरबाडाहून पूर्वेस गेलें, कीं नाणेघाटाचा कडा समोर उभा राहतो. हा सारा कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. नाणेघाटांतला सातवाहनकालीन शिलालेख वाचावयास पंडित येतात. परंतु या काळ्या कातळांत जुनें पान शोधणाऱ्याची निराशाच व्हावयाची. तप्त रस पानाला जाळतो, जपत नाहीं.

जपलेलीं पानें पाहावयाचीं तर विदर्भांत गेलें पाहिजे. नागपूर-कामठीच्या परिसरांत पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं जमविलेल्या अश्मीभूत वनस्पतींचें वर्णन बनबरी यांनीं १८६१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत ग्लॉसोप्टेरिसचीं पानें होतीं. ‘जिभेसारखा नेचा’ असा या नांवाचा अर्थ. मधोमध ठळक शीर, दोहों अंगांस बारीक शिरांचें जाळें. वय पंचवीस ते तीस कोटी वर्षें! नांव नेच्याचें असलें तरी ही वनस्पति बीजधारी होती.

वालुकाश्मांत पानाचा बहुधा ठसाच उरतो. कोळशालगतच्या मऊ खडकांत मात्र पानावरचा मेणचट पापुद्राहि कधीं कधीं टिकतो. तो तीव्र आम्लांत मुरवून क्षारांत धुतला, कीं अलग होतो आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींच्या सीमारेषा व श्वसनाचीं रंध्रें स्पष्ट दिसतात. अशा पापुद्र्याची रचना बीरबल साहनी यांनीं १९२३ सालीं वर्णिली. रंध्रांच्या प्रमाणावरून त्या काळच्या हवेंतील कर्बवायूचाहि अंदाज बांधतां येतो.

ही लिपि शिकण्याची शाळा मात्र शहापूर-मुरबाडच्या रानांतच आहे. पत्रावळीसाठीं आणलेलें पळसाचें पान उजेडाकडे धरावें, म्हणजे शिरांचें जाळें दिसतें. सागाच्या पानाच्या पालथ्या अंगावरून बोट फिरवावें, म्हणजे तेथली बारीक लव कळते. बहुतेक झाडांचीं रंध्रें त्याच अंगास असतात.

पण उन्हाळ्यापूर्वीं गळलेलें हें पान पावसाळ्यांत कुजून मातींत मिसळतें. त्याला झांकून ठेवील असा संथ गाळ या उतारांवर क्वचितच साचतो. तेव्हां हें रान नाहींसें झालें, तर पुढें त्याची साक्ष द्यावयास बहुधा दगडहि उरणार नाहीं. सुटींत मुलांना घेऊन इकडे येणाऱ्यांनीं गड अवश्य पाहावा. पण वाटेवरचीं दहा झाडें तरी त्यांच्या पानांवरून मुलांना ओळखावयास शिकवावीं.