टायरचा खर्च

आमच्या खानदानात गाडीवर पोट असलेले दोघे. एक माझे शौहर. रत्नागिरी-मुंबई मार्गावर भाड्याची गाडी चालवतात. दुसरा माझा भाचा; कॅनडात टोरांटोजवळ राहतो आणि स्वतःच्या कारने घरोघरी पार्सल पोहोचवतो. दोघांनाही टायरचा खर्च सारखाच जड जातो.

मागच्या नोव्हेंबरात बाजीचा फोन आला. मुलगा म्हणतो, बहिणीच्या निकाहला पैसे पाठवायचे आहेत, थंडीचे टायर पुढच्या वर्षी घेईन. पोरगा जबाबदार झाला म्हणून बाजी खूश. मला हा हिशेब पटेना. मी त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, "खाला, ऑन्टारियोत सक्ती नाही. शेजारच्या क्यूबेकमध्ये आहे, १ डिसेंबर ते १५ मार्च."

सक्ती नसली म्हणून थंडी कमी होत नाही. पुष्कळांना वाटतं, थंडीचा टायर म्हणजे खोल नक्षीचा टायर. खरा फरक रबरात असतो. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचं रबर ताठर होतं आणि रस्ता धरत नाही. थंडीच्या टायरचं मऊ राहतं. तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी, असं चिन्ह त्यावर असतं. ते बर्फावरच्या चाचणीत उतरल्यावरच मिळतं. नुसती 'एम प्लस एस' अक्षरं असली तर त्यामागे अशी परीक्षा नसते. आम्हा शिक्षकांना हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

शेवटी त्याच्या सोबतच्या ड्रायव्हरांनीच त्याचं मन वळवलं. त्यांचा अनुभव असा, की नामांकित कंपनीच्या उन्हाळी टायरपेक्षा स्वस्तातला थंडीचा टायर बर्फात बरा. स्वस्ताची खोट कळते ती ओल्या रस्त्यावर आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर: गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, आवाज होतो, झीजही लवकर. दोनच टायर घेऊन पुढे लावायचं तर नावच नको. पुढची चाकं रस्ता धरतात आणि वळणावर गाडीचा मागचा भाग घसरतो.

त्याने चारही घेतले, कमी किमतीचे. विम्याच्या हप्त्यात थोडी सूट मिळाली. शिवाय हिवाळाभर उन्हाळी संच पडून असतो, म्हणजे तोही तेवढा जास्त टिकतो. हे बाजीच्या गळी उतरवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. निकाहची रोषणाई आणि एक गोड पदार्थ कमी झाला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आमच्या कोकणात बर्फ नाही, पण पाऊस आहे. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. त्या झिजल्या की वेगातली गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी. कायद्याने खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. मुसळधार पावसात एवढीही अपुरी, असं आमच्या घरातलं मत. शौहर जूनच्या आधीच टायर बदलतात. कुणी जुन्यावर रबर चढवलेले टायर सुचवले, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "गाडीत दुसऱ्यांची मुलं बसतात."

स्वस्त घ्यायचं तर निदान वय पाहावं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मागच्या मे महिन्यात एका दुकानदाराने "एकदम नवा कोरा" म्हणत टायर पुढे केला. मी वाकून आकडे वाचले: ०८१७. आम्ही पुढच्या दुकानात गेलो.