जड झालेले स्टिअरिंग

अब्बांनी गाडी फाटकाला घासली, त्या रात्री आम्ही दोघा भावांनी घरात बैठकच घेतली. अब्बांचे वय ७१. हात थरथरत नव्हते, चष्म्याचा नंबरही तोच होता; पण महिन्याभरात फाटकाला घासण्याची ही दुसरी वेळ. "आता पुरे," असे आम्ही ठरवले आणि गाडीची किल्ली कपाटात ठेवली. अब्बा एवढेच म्हणाले, "गाडी जड झालीय रे." आम्ही एकमेकांकडे पाहिले. म्हातारपणी सगळेच जड वाटते, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. अम्मीला तो कळला. ती उठून आत गेली.

अब्बा एस.टी.चे ड्रायव्हर. चिपळूण–कराड मार्गावर, कुंभार्ली घाटात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यांच्या बसला पॉवर स्टिअरिंग नव्हते. वळण आले की सीटवरून अर्धवट उठून, खांद्याचा जोर लावून चाक फिरवायचे. त्या पगारावर आम्ही शिकलो. आमच्यातला एक बी.एड. होऊन उर्दू शाळेत लागला, दुसरा बँकेत. दोघांनी पैसे घालून ही जुनी गाडी घेतली, तेव्हा "अरे, ही तर एका बोटाने फिरते!" म्हणून अब्बा लहान मुलासारखे हसले होते.

गाडी आम्ही चालवायचो ती रविवारी, मुंबई–गोवा महामार्गावर. गल्लीतून ती बाहेर काढणे आणि परत आत घेणे मात्र अब्बांचे काम. किल्ली जप्त केल्यावर ते आमच्यावर आले. पहिल्याच सकाळी गल्लीच्या तोंडाशी चाक वळवताना दंडाला कढ आले. इंजिनाजवळून कुणी कण्हावे तशी घरघर ऐकू आली. आम्हीही फाटकाला घासता घासता वाचलो.

गाडी एका गॅरेजात नेली. त्यांनी चाक दोनदा फिरवून पाहिले आणि सांगितले, "रॅक गेला. बदलायला २२ हजार." तो आकडा काही आमच्या पचनी पडला नाही. दुसऱ्याला विचारू, असे म्हणून गाडी परत आणली आणि मोहल्ल्यातल्या जुन्या मिस्त्रीचाचांना बोलावले. अब्बाही ओट्यावरून उतरून आले.

दोघांनी घाई केली नाही. आधी पुढच्या टायरांतली हवा पाहिली, कारण हवा कमी असली तरी चाक जड लागते. मग पंप फिरवणारा बेल्ट दाबून पाहिला. तो ताठ होता. जॅकवर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले; कुठेही अडकले नाही. "रॅकला काही झालेलं नाही," चाचा म्हणाले. मग त्यांनी तेलाच्या डबीचे झाकण उघडले. तेल खुणेच्या खाली होते आणि वर फेस जमला होता.

"तेल कमी, पण जमिनीवर थेंब नाही. मग हा फेस कुठला?" चाचांनी आम्हाला परीक्षेत विचारावे तसे विचारले. उत्तर अब्बांनी दिले. डबीतून पंपाकडे जाणाऱ्या पाईपमधून पंप तेल ओढून घेतो. तिथला रबर कडक होऊन क्लिप सैल पडली, की तेल किंचितच पाझरते, पण हवा मात्र आत ओढली जाते. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पंप घरघरतो आणि चाकाला हवा तेवढा जोर मिळत नाही.

पाईप आणि क्लिप बदलली. झाकणावर लिहिले होते त्याच जातीचे नवे तेल भरले. इंजिन बंद ठेवून चाक सावकाश इकडून तिकडे फिरवत, तेल कमी होईल तशी भर घालत हवा काढली. मग इंजिन चालू करून पुन्हा तसेच केले. टोकाला चाक दाबून धरू नका, तेल तापते आणि पंपावर ताण येतो, हेही चाचांनी बजावले. खर्च हजाराच्या आतच झाला.

मग आम्हाला महामार्गावर हे कसे कळले नाही? धावत्या गाडीचे चाक मुळातच हलके फिरते. उभ्या गाडीचा टायर रस्त्यावर घासत वळतो, तिथे खरा जोर लागतो. म्हणजे दुखणे फक्त गल्लीत दिसत होते आणि गल्लीत अब्बा एकटे होते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत हे काम विजेची मोटर करते. तिच्यात बिघाड झाला की समोर दिवा लागतो. आमच्या गाडीत तसा दिवा नव्हता. सांगणारे अब्बाच होते.

बी.एड.ला आम्ही नैदानिक चाचणी शिकलो. चूक कुठे होते ते आधी शोधावे, मग उपचार. उर्दूत निदानाला तशखीस म्हणतात. वर्गात तो शब्द आम्ही फळ्यावर लिहिलाही आहे. घरात मात्र तपासण्याआधीच निकाल लावून मोकळे झालो.

संध्याकाळी किल्ली अब्बांपुढे ठेवली. त्यांनी ती लगेच उचलली नाही. म्हणाले, "गॅरेजवाल्याने रॅक गेला म्हटले, तर तुम्ही दुसऱ्याला विचारलेत. माझ्या बाबतीत कुणाला विचारलेत?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. अम्मीने चहा आणला. तो संपेपर्यंत कुणी बोलले नाही. मग अब्बा उठले, किल्ली घेतली आणि गाडी एका दमात गल्लीतून आत घेतली. फाटकापासून वीतभर अंतर राखून.

एक दिवस त्यांचे हात खरोखरच थकतील. तो दिवस कोणता, हे आम्ही बैठक घेऊन ठरवणार नाही. आधी त्यांनाच विचारू.